तिसऱ्या नळीतला गृहस्थ

१

संशोधन केंद्रात साठी ओलांडलेल्या बायकांच्या हाडांचा अभ्यास चालू होता, आणि त्यात एक पुरुष निघाला.

तो सदेह आला असता तर पहारेकऱ्यानेच त्याला फाटकातून परत पाठवला असता. पण तो आला होता प्लॅस्टिकच्या नळीत, थुंकीच्या रूपाने, आणि कुणाला काही कळायच्या आत फ्रीजरमध्ये जाऊन गारठून बसला होता.

अभ्यास बहिणी-बहिणींचा होता. एकाच आईबापाच्या मुली, एकाच घरात वाढलेल्या. पण म्हातारपणी एकीचं हाड खणखणीत राहतं आणि दुसरीचं बिस्किटासारखं ठिसूळ होतं. हे का होतं, ते त्यांच्या जनुकांमधल्या फरकांत शोधायचं होतं. प्रत्येक बाईला यंत्राखाली झोपवून हाडांची घनता मोजायची आणि जनुकं वाचण्यासाठी तिने घरून एका नळीत थुंकी भरून आणायची, एवढा साधा मामला होता.

हा अभ्यास ज्यांनी उभा केला त्या डॉक्टरबाई सकाळी संगणकासमोर बसल्या होत्या. तीन बहिणींच्या तीन नळ्यांचे निकाल समोर होते. दोन नळ्यांत बाई होती, तिसरीत बुवा.

त्यांनी तंत्रज्ञाला बोलावलं. तंत्रज्ञ पन्नाशीचा, तिरसट आणि कामाला चोख.

"या नळ्यांना हात कोण लावतं?"

"मीच."

"आपल्या विभागात पुरुष किती आहेत?"

"मी आणि कोपऱ्यातला सांगाडा," तंत्रज्ञ म्हणाला. "पण तो थुंकत नाही."

डॉक्टरबाईंना हसू आलं नाही. एका नळीत गडबड झाली असेल, तर उरलेल्या शेकडो नळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि गडबड झाली नसेल, तर एका पुरुषाची जनुकं त्याला न विचारता वाचून झाली होती. हा तर त्याहून मोठा गुन्हा. म्हणजे कसंही झालं तरी अभ्यास बंद पडणार होता आणि तंत्रज्ञाची नोकरी जाणार होती.

डॉक्टरबाईंनी नैतिकता समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"कशालाही हात लावू नका," पलीकडून आवाज आला. "आणि कुणाला थुंकू देऊ नका. मी निघालेच."

२

अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीशबाई. हाडाच्या न्यायाधीश. खुर्ची सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी भाजीवाल्याने वांग्याचा भाव सांगितला की त्या चष्म्यावरून बघत "पुढे?" एवढंच म्हणत आणि भाजीवाला आपण होऊन भाव उतरवत असे.

त्यांनी आधी तंत्रज्ञाला समोर बसवलं.

"तुमच्यावर संशय आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. बाई, मी जन्मात कुणाची थुंकी झेलली नाही. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या. आणि तिसरी मिळाली ती ही."

"पुढे?"

"पुढे काय, माझीही तपासा. दुधाचं दूध होऊन जाईल."

त्याने नवी नळी घेतली, भिंतीकडे तोंड करून इमानदारीत रेषेपर्यंत भरली आणि झाकण फिरवून घट्ट केलं. त्याबरोबर झाकणातून निळंशार पाणी उतरलं आणि सगळी नळी निळी झाली. न्यायाधीशबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हे काय झालं?"

"थुंकी टिकवायचं औषध. झाकणातच असतं, बंद केलं की आपोआप उतरतं. बायकांना मी आधी सांगत नाही, नाहीतर त्या झाकण लावायलाच घाबरतात."

"आणि या तिघींच्या नळ्या कुणी आणून दिल्या?"

"थोरलीने. तिघींच्या एकाच पिशवीत. नळ्यांवर नंबर होते, पण कुणी कुठली उचलली याचा त्यांनाच पत्ता नव्हता. त्यातली एक तर कागदी रुमालात गुंडाळून दोरा बांधलेली होती, जसा काही अहेरच."

म्हणजे तिसरी नळी कुणाच्या नावावरची, हेही सांगता येत नव्हतं.

तंत्रज्ञाचा निकाल यायला काही दिवस गेले. तेवढ्या दिवसांत तो कुणाशी बोलला नाही आणि पाणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायला. निकाल आला तेव्हा डॉक्टरबाई स्वतः त्याच्या टेबलापाशी गेल्या.

"तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "माफ करा."

"करतो," तंत्रज्ञ म्हणाला. "मग कोण?"

डॉक्टरबाईंनी न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. "तेच विचित्र आहे. मला वाटलं कुणाचा तरी नवरा असेल. पण नवऱ्याची जनुकं बायकोशी जुळायचं काही कारण नाही. मुलगा असता तर एकीशी जास्त आणि दुसरीशी कमी जुळला असता. हा माणूस दोघींशीही अगदी बहिणींइतकाच जुळतो. हा त्यांचा सख्खा भाऊ आहे."

"मग झालं तर. भावाला बोलवा."

"तिघींनाही मी स्वतः विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेगवेगळ्या खोल्यांत बसवून. तिघीही म्हणाल्या, आम्हाला भाऊ नाही."

३

थोरलीला सगळे ताई म्हणत. न्यायाधीशबाई घरी पोचल्या तेव्हा ताई शिडीवर चढून पंखा पुसत होत्या, आणि त्यांचे यजमान खाली शिडी धरून उभे होते. पंचाहत्तरीच्या आसपासची बाई, पण उतरताना कुणाचा हात घेतला नाही.

"आमच्या घराण्याची हाडं म्हणजे लोखंड," त्या पदर खोचत म्हणाल्या. "यंत्रात काय निघायचं ते निघू दे."

चहा आला. न्यायाधीशबाईंनी कप तोंडाशी नेला आणि वाफेने चष्मा पार धुरकटला. ताईंनी झटकन पर्समधून चष्मा पुसायचा कपडा काढून दिला. हिरवा, मऊ, कडा नागमोडी कापलेल्या. एक कोपरा मात्र कात्रीने सरळ छाटलेला होता.

"थुंकी तुम्ही स्वतः भरलीत?"

"मग काय शेजारणीला बोलावणार? इथेच बसून भरली. आणि ते झाकण लावलं तर सगळं निळं झालं. मला वाटलं, हे रोज सकाळी पाजतात त्या काढ्याचाच रंग उतरला. चांगलं बोलले ह्यांना."

"चांगलं म्हणजे दुपारपर्यंत," यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"तुम्हाला भाऊ आहे का?"

"नाही."

वर्तमानपत्रामागून खोकला आला.

"ह्यांना खोकला झालाय," ताई म्हणाल्या.

"होता का कधी?"

"एकदा सांगितलं ना, नाही. आम्ही बोललो ते बोललो. थुंकलेलं चाटायची आमच्याकडे रीत नाही." या वाक्यानंतर त्या क्षणभर थांबल्या, कारण सध्याच्या प्रकरणात ते जरा विचित्र वाटत होतं.

न्यायाधीशबाईंनी निरोप घेतला. यजमान फाटकापर्यंत सोडायला आले आणि कडी काढता काढता हळूच म्हणाले, "आहे एक. सगळ्यांत धाकटा. आज वीसेक वर्षं या घरात त्याचं नाव घेत नाहीत."

"का?"

"त्याने आईला मारलं म्हणून," यजमान म्हणाले. "पण हे मी सांगितलं असं म्हणू नका. मला इथेच राहायचंय."

४

मधली, म्हणजे माई, पलंगावर होत्या. उशाला औषधांच्या बाटल्यांची अशी दाटी की पाण्याचा पेला ठेवायला जागा नव्हती. गुडघा, कंबर, मान, आणि ज्याला डॉक्टरांनीही अजून नाव दिलं नव्हतं असं एक दुखणं डाव्या खांद्यात.

"माझ्या हाडांची काडं झाली आहेत," त्या म्हणाल्या. "ताईचं बरं आहे. ती घोड्यासारखी."

त्यांच्याकडे नळी भरताना काय झालं, तर निळ्या रंगाने त्या इतक्या घाबरल्या की आपल्याला काविळीचा नवा प्रकार झाला असं समजून त्या दिवसभर झोपून होत्या. इथेही चहा झाला, चष्मा धुरकटला, आणि माईंनी उशीखालून कपडा काढून दिला. हिरवा. नागमोडी कडा. एक कोपरा छाटलेला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला.

"तुमच्या आई कशा गेल्या?"

माईंनी उत्तर द्यायच्या आधी दाराकडे पाहिलं. "आई बाळूकडे राहायची. स्टुलावर चढली माळ्यावरचं काही काढायला, आणि पडली. खुबा मोडला. त्यातून उठलीच नाही. घरात एवढा उभा मुलगा असताना म्हातारीला स्टुलावर चढू कसं दिलं? तर तो म्हणे, ती पडून हाड मोडलं नाही. आधी कट्‌कन आवाज आला आणि मग ती पडली. असं कधी होतं का? ताई म्हणाली, हा वर खोटंही बोलतो. त्याच दिवशी तिघींनी ठरवलं, आपल्याला भाऊ नाही."

"त्यानंतर तुम्ही त्याला पाहिलंत?"

"डोळ्यांनीसुद्धा नाही," माई म्हणाल्या आणि न्यायाधीशबाईंच्या हातातला कपडा मागायला हात पुढे केला. पण तेवढ्यात खांद्यात कळ आली आणि त्या सगळं विसरल्या.

धाकटीला घरात बेबी म्हणत. बेबी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं. दोन वाक्यं बोलल्या की पाण्याचा घोट घेत.

"मी अगदी सांगितल्याप्रमाणे भरली," त्या म्हणाल्या. "मला किळस आहे हो त्या प्रकाराची. डोळे मिटून भरली."

"झाकण लावल्यावर काही झालं?"

"काय व्हायचंय? नुसता पांढरा फेस. सोड्यासारखा."

"रंग नाही बदलला?"

"थुंकीचा रंग कसा बदलेल?" बेबी निरागसपणे म्हणाल्या, आणि न्यायाधीशबाईंचा चष्मा धुरकटलेला पाहून त्यांना पुसायला कपडा दिला.

तोही हिरवा होता. त्याचाही कोपरा छाटलेला होता.

रिक्षात बसल्यावर न्यायाधीशबाईंनी भाड्याचे पैसे काढायला पर्स उघडली, तर आत माईंचा कपडा. अनवधानाने त्यांनी तो तसाच आणला होता. आयुष्यभर चोरांना शिक्षा देऊन शेवटी स्वतःच्या पर्समध्ये मुद्देमाल सापडला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. अशा कपड्याच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव छापलेलं असतं. चष्मेवाल्याचं नाव कुणी कशाला लपवेल? आणि एकीने लपवलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण तिघींनी?

"घरी ना?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "माझ्या चष्मेवाल्याकडे."

५

त्यांच्या चष्मेवाल्याने कपडा उजेडात धरला आणि नाक मुरडलं. "हा आमचा नव्हे. आमचा निळा. हिरवा एकच माणूस देतो, मंडईमागच्या गल्लीतला. गिऱ्हाईक कमी, गप्पा जास्त."

मंडईमागच्या गल्लीत दुकान सापडायला वेळ लागला नाही. एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी जागा, भिंतीभर फ्रेमी, मागे डोळे तपासायची काळोखी खोली आणि तिला काळा पडदा. काउंटरमागे साठीला टेकलेला एक गृहस्थ चिमुकल्या पेचकसाने स्क्रू बसवत होता. त्याने मान वर केली. ताईंचं नाक, माईंची हनुवटी, बेबीचे कान.

न्यायाधीशबाईंनी काही न बोलता हिरवा कपडा काउंटरवर ठेवला.

त्याने छाटलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पेचकस खाली ठेवून शांतपणे विचारलं, "तिघींतली कुठली सापडली?"

न्यायाधीशबाईंनी बसायला स्टूल ओढलं. "पुढे?"

बाळू नावाच्या त्या गृहस्थाने जे सांगितलं ते ऐकताना त्यांना दोनदा चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि हसण्यानेच असं म्हणता येणार नाही. त्यांनी त्याला सांगितलं, त्याच्या परवानगीशिवाय काहीही उघड होणार नाही, आणि विचारलं, त्याला काय हवं आहे.

त्याने स्क्रू डबीत टाकून झाकण लावलं.

"एकदा चौघं एका खोलीत बसायचंय," तो म्हणाला. "भांडायला बसलो तरी चालेल."

६

डॉक्टरबाईंच्या खोलीत तिघी बहिणी एका ओळीत बसल्या. ताई ताठ, माई उशीला टेकून, बेबी रुमाल नाकाला लावून. तंत्रज्ञ दाराशी उभा होता. त्याला हे ऐकायचा हक्क आहे असं न्यायाधीशबाईंनी ठरवलं होतं.

"तुमच्या तीन नळ्यांपैकी एकीत तुमच्या भावाची थुंकी आहे," त्यांनी सरळ सांगितलं.

ताई उभ्या राहिल्या. "कोण गेली होती त्याच्याकडे? माई, तू?"

"मी जिन्यावरून उतरत नाही, तर मंडईमागे कशाला जाईन?" माई म्हणाल्या.

"मंडईमागे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

माईंच्या खांद्यात तत्काळ कळ आली.

"आधी नळीचं बघू," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "झाकण लावलं की आतलं सगळं निळं होतं. ताईंना निळं दिसलं, माईंना निळं दिसलं. बेबीताईंना पांढरा फेस दिसला. म्हणजे बेबीताईंनी झाकण लावलंच नाही. शिवाय एक नळी रुमालात गुंडाळून, दोरा बांधून आली होती; ती त्यांचीच असणार. स्वतः भरली असती तर एवढी किळस वाटली नसती."

बेबीताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते त्या सकाळीही पळालंच होतं, आणि सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

"सर्दीची गोळी घेतली होती," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "तोंड असं कोरडं पडलं की थेंब सुटेना. ताईकडे नळी द्यायची वेळ झालेली. वाटेत बाळूच्या दुकानात शिरले, नुसता चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला. तो म्हणाला, दे इकडे. आईबाप एकच, मग थुंकी काय वेगळी असणार? मी तोंड फिरवून उभी राहिले."

"बेबी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की तंत्रज्ञही सरळ उभा राहिला. "आपण तिघींनी शब्द दिला होता. मी माझा पाळला. माईने पाळला."

"ताई, जरा चष्मा पुसायचा कपडा देता?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

ताईंनी रागाच्या भरात पर्समधून काढून दिला. न्यायाधीशबाईंनी तो टेबलावर पसरला. शेजारी माईंचा ठेवला आणि क्षमा मागितली. बेबीताईंनी आपण होऊन तिसरा ठेवला. तीन हिरवे कपडे, तीन छाटलेले कोपरे.

माईंनी पहिल्यांदाच कुठेही न दुखता मान वळवून ताईंकडे पाहिलं.

"तू पण?" त्या म्हणाल्या.

"माझा नंबर वाढला होता," ताई म्हणाल्या.

"दर महिन्याला?" दारातून आवाज आला. बाळू उभा होता. हातात टोपी, इस्त्रीचा शर्ट, परीक्षेला आल्यासारखा चेहरा. "ताई, तुझा नंबर गेली दहा वर्षं तोच आहे. आणि तुम्ही तिघींनी मला कसं वागवलंय, कल्पना आहे? प्रत्येकीने शपथ घातली, बाकीच्या दोघींना कळू देऊ नकोस. ताई येणार म्हणून बेबीला मागच्या दाराने काढायचं. एकदा तर माई दुकानात असताना ताई आली. माईला काळोख्या खोलीत तासभर बसवलं."

"तू म्हणालास डोळ्यांत थेंब घातलेत, उजेडात येऊ नकोस," माई म्हणाल्या.

"साधं पाणी होतं ते."

"मला किती बरं वाटलं होतं त्याने," माई खिन्नपणे म्हणाल्या.

बेबीला हसू फुटलं, ते शिंकेत गेलं. ताई मात्र खुर्चीवर बसल्या आणि टेबलाकडे बघत म्हणाल्या, "माझा राग केव्हाच गेला होता. पण थोरलीनेच आधी माघार घेतली तर तुम्ही काय म्हणाल, असं वाटायचं."

"आम्हाला वाटायचं, तुला कळलं तर तू आमचंही नाव टाकशील," माई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी घसा साफ केला. त्यांच्यापुढे हाडांचे निकाल होते, आणि भावाने आपल्या जनुकांबद्दल बोलायची परवानगीही तिथल्या तिथे दिली होती.

"आधी एक गैरसमज," त्या बाळूला म्हणाल्या. "आईबाप एक असले तरी थुंकी एक नसते. हाड किती भरीव होणार हे एका जनुकावर ठरत नाही. शेकडो ठिकाणी बारीक बारीक फरक असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. आईबापांकडून प्रत्येक मूल त्यातली वेगळी मूठ उचलतं. नळी बदलली हे कळलं नसतं, तर बेबीताईंच्या हाडांचं गणित मी तुमच्या जनुकांवर मांडलं असतं आणि ते कधीच जुळलं नसतं." मग त्या बहिणींकडे वळल्या. "ताई, तुमची हाडं बरीच विरळ झाली आहेत. शिडी आजपासून बंद. औषधही सुरू करायला हवं. माई, तुमची उत्तम आहेत. वयाच्या मानाने फारच मजबूत."

"पुन्हा मोजा," दोघी एकदम म्हणाल्या.

पुन्हा मोजायची गरज नव्हती. माईंचा चेहरा पार उतरला; कष्टाने जमवलेलं कुणी काढून घेतल्यासारखा. ताई आपल्या मनगटाकडे, दुसऱ्याच कुणाचं असावं तशा बघत राहिल्या.

"आणि तुमचं," डॉक्टरबाई बाळूला म्हणाल्या, "जनुकं बघता ताईंच्या वळणावर. तुम्हीही हाडं मोजून घ्या. पुरुषांनाही होतं हे."

बाळू टोपी फिरवत उभा होता. "डॉक्टर, एक विचारू? हाड आधी मोडतं आणि मग माणूस पडतो, असं होतं का?"

ताईंनी मान वर केली नाही.

"होऊ शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या आईंचं काय झालं ते मी सांगू शकत नाही, त्यांची हाडं कुणी मोजली नव्हती. पण हाडं फार विरळ झाली असतील तर खुबा नुसत्या भारानेही मोडू शकतो. मग माणूस पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पडून मोडला. तुम्ही आवाज आधी ऐकलात म्हणता, त्यात अशक्य काही नाही."

बाळूने मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. न्यायाधीशबाईंनी त्याला आपली खुर्ची दिली.

निकाल छोटा होता. गुन्हा नाही, गोंधळ आहे. तंत्रज्ञ निर्दोष. तिसरी नळी बाद, आणि बेबीताईंनी आत्ता, सर्वांसमोर, स्वतःची नळी भरायची.

तंत्रज्ञाने नवी नळी आणून दिली. बेबीताईंनी प्रयत्न केला. गोळी, सर्दी आणि त्यातून सकाळपासूनचं रडणं, तोंडात वाळवंट.

"आंबट आठव काहीतरी," ताई म्हणाल्या.

"काही आठवत नाही."

"शाळेमागचं लिंबाचं झाड," बाळू म्हणाला. "कुंपणाच्या भिंतीपलीकडचं."

"ते म्हातारे काठी घेऊन धावायचे तिथलं?" माई उशी सोडून पुढे सरकल्या. "मिठाची पुडी मी न्यायचे. खिशात. मिठाने फ्रॉक पांढरा व्हायचा."

"हिरवी लिंबं," ताई म्हणाल्या. "साल सोलायचाही धीर नसायचा. दातांनी फोडायची, वर मीठ, आणि डोळे मिटून चोखायची. बेबीचं तोंड असं व्हायचं." त्यांनी पंचाहत्तर वर्षांचं तोंड चार वर्षांच्या मुलीसारखं आंबवून दाखवलं.

दाराशी तंत्रज्ञाने आवंढा गिळला. न्यायाधीशबाईंनीही गिळला, पण कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

"भिंतीवर कोण चढायचं पण?" बेबीने विचारलं. "मी तर फ्रॉकची झोळी धरून खाली असायचे."

"मी नाही," बाळू म्हणाला. "मी रांगत होतो."

माईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंना उत्तर माहीत होतं, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागला.

"आई," त्या म्हणाल्या. "आईच चढायची. आपण खालून ओरडायचो, आई, पडशील, उतर. ती हसायची आणि आणखी वरची फांदी धरायची." त्यांनी बाळूच्या हातावर हात ठेवला. "तिला चढू नको म्हटलं आणि तिने ऐकलं, असं कधी झालं का रे?"

"नाही," बाळू म्हणाला.

बेबीने घाईघाईने नळी तोंडाशी धरली.